सरासरी घराचा पत्ता

आमच्या सकाळच्या कट्ट्यावर मध्यंतरी एक तक्ता फिरत होता. निरनिराळ्या देशांत सरासरी कुटुंबाला वीज, पाणी आणि इंधन यांपायी महिन्याला किती खर्च येतो, त्याचा. सगळे आकडे रुपयांत फिरवलेले. जर्मनी, इंग्लंड वरच्या बाजूला, अमेरिका त्यांच्या पाठोपाठ आणि भारत पार तळाशी. कट्ट्यावरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाले, "बघा, आपण उगीच रडतो. इतके स्वस्त जगात कोणाला मिळत नाही." शेजारचे गृहस्थ, तेही पेन्शनरच, शांतपणे म्हणाले, "असेल बुवा. मग लाइट बिल आले की माझ्या छातीत का धडधडते?"

दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. ते एकाच वेळी खरे कसे असू शकते, याचा विचार करीत मी घरी आलो. माझा जन्म बँकेत गेला. कोणताही ताळेबंद समोर आला की आकड्यांच्या आधी त्याखालच्या बारीक अक्षरातल्या टिपा वाचायच्या, अशी शिस्त आम्हाला जुन्या अधिकाऱ्यांनी लावली होती. कर्ज बुडते ते बहुधा त्या टिपांत, वरच्या रकान्यांत नव्हे. या तक्त्याला टिपाच नव्हत्या. म्हणून आपणच त्या लिहून पाहाव्यात, असे ठरवले.

पहिली टीप चलनाची. 2023 साली बाजारात एका डॉलरला ब्याऐंशी-त्र्याऐंशी रुपये पडत होते. पण तिकडे एका डॉलरमध्ये जेवढा माल आणि सेवा मिळतात, तेवढ्यासाठी आपल्याकडे साधारण वीस-बावीस रुपये पुरतात. अर्थशास्त्रज्ञ याला क्रयशक्तीची तुलना म्हणतात. आता दहा रुपये युनिटची वीज घ्या. बाजारभावाने ती बारा सेंटची होते, म्हणजे अमेरिकेच्या त्या वर्षीच्या सोळा सेंट या सरासरी दरापेक्षा स्वस्त. क्रयशक्तीने मोजली तर तीच वीज पंचेचाळीस सेंटच्या पुढे जाते. अमेरिकेच्या जवळजवळ तिप्पट. वीज तीच, मीटरही तोच. कट्ट्यावरचे मुख्याध्यापक बाजारभावाने बोलत होते, आणि शेजारच्या गृहस्थांची छाती क्रयशक्तीने धडधडत होती.

दुसरी टीप उत्पन्नाची. 2022-23 च्या हिवाळ्यात आम्ही दोघे लेकीकडे इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळ होतो. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यापासून युरोपात गॅसचे भाव भडकले होते आणि जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. तिथल्या नियामकाने, म्हणजे ऑफजेमने, सर्वसाधारण घरासाठी वीज आणि गॅस मिळून वर्षाला 3,549 पौंडांची मर्यादा 1 ऑक्टोबर 2022 पासून जाहीर केली होती. लोक हवालदिल झाले तेव्हा सरकारने मध्ये पडून ती 2,500 पौंडांवर रोखली, आणि वर प्रत्येक घराला त्या हिवाळ्यापुरते 400 पौंड दिले. पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास होता. वर्षाला अडीच लाख रुपये नुसते वीज-गॅसचे! माझ्या पत्नीने त्या दिवसापासून खोलीतून बाहेर पडताना दिवे मालवायला सुरुवात केली.

पण अडीच लाखांचा धक्का ओसरल्यावर मी दुसरा आकडा शोधला. 2021-22 साली तिथल्या मधल्या कुटुंबाच्या, म्हणजे ज्याच्या वर निम्मी आणि खाली निम्मी घरे आहेत अशा कुटुंबाच्या, हाती कर वगैरे जाऊन वर्षाला 32,300 पौंड येत होते. 2,500 पौंड म्हणजे त्यातले पावणेआठ टक्के. इकडे आपल्या सरकारच्या 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत इंधन आणि दिवाबत्तीचा वाटा ग्रामीण भागात 6.66 टक्के आणि शहरी भागात 6.26 टक्के निघाला. तिकडची टक्केवारी उत्पन्नाची, इकडची खर्चाची; शिवाय आपण पाहतो ते त्यांचे संकटाचे वर्ष. दोन्ही एकाच तागडीत घालणे काटेकोर नव्हे, हे मला मान्य आहे. तरी रुपयांच्या तक्त्यात आभाळ-जमिनीइतकी लांब दिसणारी ही दोन घरे टक्क्यांत एकमेकांच्या शेजारी राहायला येतात, एवढे तरी दिसते.

मग तिसरा प्रश्न आपोआप येतो. खिशातून गेलेला हिस्सा साधारण सारखा, पण त्याबदल्यात घरात आले काय? इंग्लंडच्या त्या सर्वसाधारण घराचा हिशेब वर्षाला 2,900 युनिट वीज आणि 12,000 युनिट गॅस असा धरलेला होता. एवढा गॅस म्हणजे आपल्या 14.2 किलोच्या सिलिंडरच्या हिशेबात साठ-पासष्ट सिलिंडर. अर्थात ते घर तापवायला लागतात; तिथल्या जानेवारीत ती चैन नाही. आपल्याकडे उज्ज्वला योजनेतल्या कुटुंबाने 2019-20 साली सरासरी 3.01 सिलिंडर घेतले, 2023-24 साली 3.95. चार माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक वर्षाला चार सिलिंडरमध्ये होत नाही, हे कोणतीही गृहिणी सांगेल. उरलेला चुलीवर होतो. सरपणाला एक वेळ बाजारभाव लावता येईल. पण मोळी डोक्यावर आणण्यात गेलेली सकाळ आणि डोळ्यांत गेलेला धूर कोणत्या रकान्यात घालणार? तक्त्याच्या तळाशी आपण आहोत ते सगळेच स्वस्त आहे म्हणून नव्हे. काही अंशी आपण घेतच नाही, म्हणून आहोत. उपासाच्या दिवशी जेवणाचा खर्च कमी येतो. त्याला कोणी स्वस्ताई म्हणत नाही.

इथपर्यंतचा हिशेब पदवीच्या वर्गातला कोणी विद्यार्थीही करील. मला खरे अडवले ते 'सरासरी घर' या शब्दाने, आणि तेही पुन्हा इंग्लंडमध्येच.

लेकीच्या घराजवळच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मी रोज वर्तमानपत्र आणायला जात असे. एका संध्याकाळी माझ्यापुढे एक म्हातारी बाई उभी होती. तिने पर्समधून प्लास्टिकची किल्ली आणि पाच पौंडांची नोट काढून दिली. दुकानदाराने किल्ली यंत्रात घालून परत केली. मला वाटले, बसचा पास असावा. दुकानदार आपल्या गुजरातेतला. त्याने सांगितले, ती विजेची किल्ली. आधी पैसे भरायचे, किल्ली घरच्या मीटरला लावायची, पैसे संपले की दिवे बंद. "थंडी वाढली की हे लोक दोन-दोन पौंड भरायला येतात," तो म्हणाला.

त्या वेळी ब्रिटनमध्ये असे आगाऊ भरण्याचे मीटर चाळीस लाखांहून अधिक घरांत होते. ज्यांची बिले थकतात, ज्यांची पत नाही, त्यांच्याकडे ते बहुधा बसवले जातात. गंमत अशी, आणि गंमत म्हणवत नाही, की त्यांना पडणारा दर बँकेतून परस्पर पैसे भरणाऱ्या सुस्थितीतल्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त होता. हा फरक सरकारने काढला तो 1 जुलै 2023 पासून. त्याआधी फेब्रुवारी 2023 मध्ये, वसुलीवाले कुलपे तोडून घरात शिरतात आणि हे मीटर बसवतात, असे वर्तमानपत्रांतून उघड झाले, तेव्हा नियामकाने ती सक्ती थांबवली. ज्या देशात ब्रेंडा बोर्डमन या संशोधक बाईंनी 1991 साली इंधनाच्या दारिद्र्यावर पुस्तक लिहून, उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक पैसा घर उबदार ठेवण्यात जात असेल तर ते कुटुंब या दारिद्र्यात धरावे, अशी मोजपट्टी घालून दिली, त्या देशात हे चालले होते. आणि पैसे संपल्यामुळे ज्या घरात रात्री अंधार झाला, त्याचा त्या दिवसाचा खर्च शून्य. सरासरी काढणाऱ्याच्या दृष्टीने त्या रात्री वीज थोडी स्वस्तच झाली.

ती किल्ली पाहून मला माझ्याच शाखेतली एक चिठ्ठी आठवली. आपल्याकडच्या वाचकांसाठी हीच चौथी आणि सर्वांत महत्त्वाची टीप.

पिंपरी-चिंचवडला असताना खाते उघडण्याचे टेबल काही काळ माझ्याकडे होते. पत्त्याचा पुरावा म्हणून आम्ही सर्रास लाइट बिल मागत असू. एकदा धुणीभांडी करणाऱ्या एक बाई आल्या. लाइट बिल मागितल्यावर त्यांनी वहीच्या कागदाचा कपटा पुढे केला. त्यावर मालकाच्या अक्षरात महिना, "लाइट" आणि पुढे रक्कम, एवढेच. "साहेब, आमचं बिल हेच," त्या म्हणाल्या. चाळवजा पाच-सहा खोल्या, मीटर एक, तो मालकाच्या नावावर. प्रत्येक खोलीला सबमीटर आणि मालक म्हणेल तो दर. तो कागद मी पुरावा म्हणून घेऊ शकत नव्हतो. खाते त्या दिवशी उघडले नाही. नियम माझ्या बाजूने होता, पण समाधान नव्हते.

त्या चिठ्ठीचा हिशेब मी अलीकडे पुन्हा मांडला. आपल्याकडे घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. महावितरणचे 2024-25 चे दर पाहा. पहिल्या 100 युनिटांना 4.71 रुपये, 101 ते 300 पर्यंत 10.29, 301 ते 500 पर्यंत 14.55, शिवाय प्रत्येक युनिटला 1.17 रुपये वहन आकार. हेतू चांगला आहे: जो थोडी वीज वापरतो त्याला स्वस्त, जो एसी लावतो त्याला महाग. आता एका खोलीचा वापर महिन्याला 70 युनिट धरा. दोन दिवे, पंखा, टीव्ही, लहानसा फ्रिज. स्वतंत्र मीटर असेल तर विजेचे आणि वहनाचे मिळून 412 रुपये होतात. अशा पाच खोल्या एकाच मीटरवर आल्या की मीटर 350 युनिट दाखवतो. त्याचे होतात 3,666 रुपये, खोलीमागे 733. स्वतंत्र मीटर घेतला तर स्थिर आकार प्रत्येकाला वेगळा भरावा लागेल, हे खरे. पण तो सव्वाशे-दीडशेच्या घरातला आकार धरूनही फरक महिन्याला दोनशे रुपयांच्या वर राहतो. सोळा टक्के वीज शुल्क त्यावर वेगळे. आणि हे मालकाने एक पैसाही वर न लावता.

म्हणजे गरिबाला दिलासा म्हणून केलेली टप्प्यांची रचना, पाच गरीब एका मीटरवर आल्याबरोबर त्यांच्यावरच उलटते. मीटरला माणसे मोजता येत नाहीत. तो युनिट मोजतो. त्याच्या दृष्टीने त्या पाच खोल्या म्हणजे एसी लावणारे एक सुखवस्तू घर. आकडेवारीतही ते पाच संसार एकच ग्राहक म्हणून नोंदले जातात. बाकीच्या चार घरांना सरासरीत पत्ताच नाही.

मग भाडेकरू स्वतःचा मीटर का घेत नाहीत? 2003 च्या वीज कायद्याचे 43 वे कलम सांगते, की जागेचा मालक किंवा भोगवटादार यांपैकी कोणीही अर्ज केला तर वीजपुरवठा देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. भोगवटादार म्हणजे भाडेकरूही आला. पण अर्जाबरोबर जागेचा कागद लागतो, आणि तो मालक देत नाही. का देत नाही, तर लाइट बिल हा पत्त्याचा पुरावा असतो! आज बिल नावावर केले तर उद्या भाडेकरू जागेवर हक्क सांगेल, ही त्याची भीती. बिल नाही म्हणून पुरावा नाही, आणि पुरावा होईल म्हणून बिल नाही. या फेऱ्यात बँकेच्या टेबलावर बसलेला मीही एक आरा होतो.

दिल्ली सरकारने सप्टेंबर 2019 मध्ये भाडेकरूंसाठी स्वतंत्र मीटरची योजना आणली. भाडेकरार दाखवायचा, मालकाच्या ना-हरकत पत्राची गरज नाही, मीटर आगाऊ पैसे भरण्याचा. त्याच्या महिनाभर आधी तिथे 200 युनिटांपर्यंतची वीज मोफत झाली होती, आणि भाडेकरूंना तिचा लाभ मिळत नाही हे लगेच ध्यानात आले होते. मोफत विजेबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. त्याकडे मी येतोच. पण सवलत मीटरपाशी थांबते, माणसापर्यंत पोहोचत नाही, हे ज्याने ओळखले त्याला अर्धे उत्तर सापडले असे मी म्हणेन.

पाण्याचेही असेच. मुंबई महापालिकेचा घरगुती पाण्याचा दर 2022 साली इमारतींना हजार लिटरला 6.36 रुपये आणि झोपडपट्ट्यांना त्याहून कमी, 4.76 रुपये होता. जगातल्या महानगरांच्या तक्त्यात हा दर शोभून दिसेल. पण ज्या वस्तीत महापालिकेचा नळच नाही, तिथे पाणी टँकरने, ड्रमने, हंड्याने येते आणि त्याचा भाव विकणारा ठरवतो. 2000 सालानंतरच्या झोपड्यांना पाणी द्यावे की नाही, यावर पाणी हक्क समितीला उच्च न्यायालयात जावे लागले; पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, वस्ती अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये सांगितले. तोवर त्या लोकांसाठी पालिकेचा स्वस्त दर दुसऱ्याच्या ताटातल्या पक्वान्नासारखा होता.

आता कोणी म्हणेल, मग सरळ सगळे फुकट करून टाका. काही देशांनी आपापल्या परीने ते करून पाहिले आहे. आयर्लंडमध्ये घरगुती पाण्याला वेगळे बिल नव्हते. सरकारने 2014-15 मध्ये ते सुरू केले, लोक रस्त्यावर आले, आणि 2017 पर्यंत ते गुंडाळावे लागले. पण तिथले पाणी फुकट नाही, ते करातून भरले जाते. ज्याची कमाई जास्त त्याचा भार जास्त. दक्षिण आफ्रिकेने 2001 साली प्रत्येक कुटुंबाला महिन्याला सहा हजार लिटर पाणी आणि 2003 साली गरीब कुटुंबांना 50 युनिट वीज मोफत देण्याचे धोरण आणले. सोवेटोच्या फिरी भागातल्या रहिवाशांनी, एवढे पाणी दाटीवाटीच्या घराला पुरत नाही आणि आगाऊ पैशांचा मीटर ते मध्येच तोडतो, म्हणून दावा लावला. 2009 साली तिथल्या घटनात्मक न्यायालयात ते हरले. तिथेही अडचण हीच, की मोजणी घराची, आणि एका नळावर माणसे मात्र कितीतरी. नॉर्वेने सप्टेंबर 2022 पासून ठराविक दराच्या वर गेलेल्या विजेच्या किमतीचा नव्वद टक्के भाग सरकारी तिजोरीतून भरला. तेल-वायूची कमाई गाठीशी असलेल्या देशाला ते झेपले.

आपल्याकडे स्वस्त किंवा मोफत विजेचे पैसे शेवटी कोठून येतात, हे बँकवाल्यांना विचारा. वीज वितरण कंपन्यांची कर्जे आमच्याच खातेवह्यांत होती. 2012 साली त्यांची फेररचना झाली, ती पुरली नाही. 2015 साली 'उदय' योजना आली आणि वितरण कंपन्यांच्या कर्जाचा तीन-चतुर्थांश भाग राज्य सरकारांनी आपल्या डोक्यावर घ्यावा, असे ठरले. बिलातून वगळलेली रक्कम नाहीशी होत नाही. ती कंपनीच्या तोट्यात जाते, तिथून बँकेत, तिथून राज्याच्या अंदाजपत्रकात, आणि शेवटी शाळा-दवाखान्यांसाठी उरणाऱ्या पैशातून कापली जाते. म्हणून सरसकट मोफत हे मला उत्तर वाटत नाही. सरसकट मोफतचा पहिला लाभार्थी तोच असतो ज्याच्या नावावर मीटर आहे.

दुसरीकडे, बिल हा नुसता हिशेबाचा कागद समजणाऱ्यांनाही धडा मिळालेला आहे. बोलिव्हियातल्या कोचाबाम्बा शहरात पाणी खासगी कंपनीकडे गेले, दर वाढले आणि एप्रिल 2000 मध्ये लोकांच्या उठावापुढे कंपनीला चंबूगबाळे आवरावे लागले. बल्गेरियात फेब्रुवारी 2013 मध्ये हिवाळ्याची वीजबिले हाती पडल्यावर लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारने राजीनामा दिला. त्या देशाचा विजेचा दर तेव्हा युरोपात सर्वांत कमी असलेल्यांपैकी होता. तक्त्यात बल्गेरिया स्वस्त होता, पगाराच्या मानाने नव्हता.

तेव्हा तुलना करू नये असे माझे म्हणणे नाही, जरूर करावी. पण सरासरी घराची करू नये. प्रत्येक देशातले तळाचे वीस टक्के संसार घ्यावेत. त्यांना एका युनिटमागे आणि एका हंड्यामागे खरोखर किती मोजावे लागतात, मिळकतीतला किती हिस्सा त्यात जातो आणि एवढे मोजूनही घरात उजेड, पाणी, शिजवायला धूर नसलेला जाळ पुरेसा असतो का, हे विचारावे. असा तक्ता झाला तर आपला क्रमांक तळाशी राहील, असे मला वाटत नाही. तो बराच वर सरकेल, आणि तिथे अभिमानाने मोठ्याने वाचून दाखवण्याजोगे काही नसेल.

आणि आपल्या राज्यापुरते एक काम जग बदलण्याची वाट न पाहता करता येईल. लाइट बिलाला जागेच्या हक्कापासून वेगळे करावे. "या बिलामुळे जागेवर कोणताही हक्क निर्माण होत नाही" एवढे एक वाक्य बिलावर ठळक छापून, राहणाऱ्याच्या साध्या अर्जावर त्याला मीटर द्यावा. मालकाची भीती जाईल, कायद्यातल्या भोगवटादाराला त्याचा हक्क मिळेल, आणि पहिल्या शंभर युनिटांचा दर ज्याच्यासाठी ठेवला आहे त्याच्यापर्यंत पोहोचेल. याला अनुदानाचा मोठा बोजा लागत नाही.

त्या बाई पुन्हा शाखेत आल्या नाहीत. आल्या असत्या तर, पुढे कागदपत्रांचे नियम सैल झाल्यावर, त्यांचे खाते सहज उघडले असते. कट्ट्यावर मी हे सगळे सांगितले तेव्हा मुख्याध्यापक थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या आउटहाउसात एक कुटुंब राहते. त्यांचा सबमीटरच आहे. मी दहा रुपयांनी घेतो." आणि थोड्या वेळाने, जरा खालच्या आवाजात, "जरा बघायला हवे."